खेळणं ‘शैक्षणिक’, पण उघडायचं नाही!

मागच्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. वय एकोणचाळीस, शिक्षण बी.कॉम., नोकरी एका पतसंस्थेत कारकुनाची. घरातला फ्यूज उडाला तरी शेजारच्या दादांना हाक मारणारी बाई मी. तरीही घेतलं, कारण लेकीचं बोलणारं पुस्तक मुकं झालं होतं आणि आपल्या एवढ्या मोठ्या शहरात ते दुरुस्त करून द्यायला मला कुणी सापडत नव्हतं.

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात माळ्यावर नाहीतर पलंगाखाली बंद पडलेल्या खेळण्यांचं खोकं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच.

ते खेळणं तुम्ही पाहिलेलं असणार. जाड पुठ्ठ्याची चित्रं, शेजारी बटणं. गायीचं बटण दाबलं की गाय हंबरते, ‘बी’ दाबलं की ‘बी फॉर बॉल’. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘एज्युकेशनल’. किंमत नऊशेच्या वर. मामानं वाढदिवसाला दिलेलं. पावसाळ्यात दोन महिने कपाटात राहिलं, काढलं तर बंद. नवे सेल टाकले, तरी बंद. लेकरानं विचारलं, “आई, हे झोपलंय का?” मी म्हणाले, हो, उठवू आपण त्याला. आणि इथून माझी वरात निघाली.

पहिला फोन खोक्यावरच्या नंबरवर. पलीकडून अतिशय गोड आवाजात सांगितलं, मॅडम, खेळण्यांची दुरुस्ती आम्ही करत नाही, तुमची मुदत संपलीय, नवीन घ्या, नव्या मॉडेलवर सूट आहे. मी विचारलं, निदान आतल्या वायरिंगची आकृती तरी पाठवता का? पलीकडं शांतता. मग, “मॅडम, असं कुणी मागत नाही.” हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग पैठण गेट. मोबाईलची एवढी दुकानं एका जागी, म्हटलं कुणीतरी बघेल. तीन दुकानांत गेले. पहिला हसला. दुसरा म्हणाला, “ताई, याचा खर्च याच्या किमतीएवढा होईल.” तिसरा म्हणाला, “साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” साहेबांना! जणू दोन वायरींचा मामला कळायला मिशा लागतात.

शेवटी शहागंजच्या बाजूला एका जुन्या रेडिओवाल्या चाचांकडं पोचले. त्यांनी खेळणं हातात घेतलं, उलटं केलं, कानाशी धरून हलवलं आणि मला परत दिलं. म्हणाले, “बेटी, मैं करूंगा तो दो सौ लूंगा. तू खुद खोल. डर मत. पहले सेल की जगह देख, नव्वद टक्का बीमारी वहीं रहती है.” मी म्हणाले, बिघडलं तर? चाचा म्हणाले, “बिगडा हुआ तो है ही.”

बघा, हे एवढं साधं वाक्य मला एकोणचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ना शाळेनं, ना कॉलेजनं, ना घरच्यांनी. बिघडलेली वस्तू उघडल्यानं आणखी काय बिघडणार?

घरी आले. सेलच्या झाकणाचा स्क्रू साधा चार खाचांचा. उघडला. आत स्प्रिंगवर पांढरट-हिरवा खार. जुना सेल पाझरला होता. इथपर्यंत ठीक. पण स्प्रिंगला आतून येणारी वायर बघायची तर पाठ उघडायला हवी, आणि पाठीला सहा स्क्रू, त्यांचं डोकं तिकोनी! घरात तसला पाना नाही, शेजारी नाही, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडं नाही. दुसऱ्या दिवशी गुलमंडीकडं हिंडून बिटांचा डबा आणला. पाच स्क्रू निघाले तरी पाठ हलेना. सहावा होता कंपनीच्या स्टिकरखाली, झाकून ठेवलेला.

आता कंपनीवाले म्हणतील, हे लेकरांच्या सुरक्षेसाठी. इथं थांबून नीट विचार करू या. लेकराच्या हाताला सेल लागू नयेत, हे शंभर टक्के बरोबर. विशेषतः बटणासारखे चपटे सेल. ते गिळले गेले तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. ज्या खेळण्यात तसा सेल आहे त्याचं झाकण स्क्रूनं बंदच असलं पाहिजे. पण माझ्या खेळण्यात सेलच्या झाकणाला तर साधा स्क्रू होता! म्हणजे चार वर्षांच्या लेकराला अडवायला साधा स्क्रू पुरतो, हे कंपनीलाच मान्य आहे. मग पाठीचे तिकोनी स्क्रू कुणाला अडवायला? स्टिकरखालचा सहावा कुणासाठी? लेकरासाठी नाही, तो तुमच्या-माझ्यासाठी आहे. एकोणचाळीस वर्षांच्या बाईसाठी आहे. तिनं कंटाळून दुकानात जावं म्हणून आहे.

असो. पाठ उघडली. दोष काय होता म्हणाल, तर खारानं खाल्लेली एक वायर, स्प्रिंगपासून तुटलेली. बस्स, एवढंच! कापसाच्या काडीनं थोडं व्हिनेगर लावून खार काढला, ओल्या बोळ्यानं पुसलं, पूर्ण वाळू दिलं, पॉलिश पेपरनं स्प्रिंग घासली. शेजारच्या आयटीआयवाल्या पोराकडून २५ वॅटचं आयर्न आणि सोल्डरची तार मागून आणली.

पहिला सांधा मी असा लावला, की गोळा नुसता वर बसला, खाली धरलाच नाही. खेळणं एकदा “हॅलो” म्हणालं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा आयर्न इतका वेळ टेकवला की वायरचं प्लास्टिकच वितळलं. बोटालाही चटका बसला. तिसऱ्यांदा त्या पोरानं सांगितलं, “मावशी, सोल्डर वितळवून त्यावर टपकवायचं नाही. आधी जागा तापवायची, मग तार त्या जागेला लावायची, ती आपोआप पसरते.” पसरली. तीन सेलचे साडेचार व्होल्ट आत गेले आणि गाय सोडून सगळी जनावरं ओरडायला लागली. बटणांखालच्या रबरावर काळे ठिपके असतात, ते दाबले की खालच्या पट्ट्या जोडतात. त्यावर सरबत सांडून वाळलेलं होतं. स्पिरिटनं पुसल्यावर आणखी दोन बटणं सुधारली. गायीचं मात्र अजून मुकंच आहे. त्याचा ठिपकाच झिजलाय. ते सुटं रबर विकत मिळत नाही, मी विचारून बघितलं.

खर्च सांगते. बिटांचा डबा, स्पिरिट, व्हिनेगर, पॉलिश पेपर मिळून दोनशेच्या आत. वेळ, तीन रविवार. काहीजण म्हणतील, तीन रविवार घालवून नऊशेचं खेळणं वाचवलं, याला शहाणपण म्हणायचं का? म्हणा खुशाल. मला तरी वाटतं, त्या खोक्यावरचा ‘एज्युकेशनल’ हा शब्द पहिल्यांदा खरा ठरला तो त्या तीन रविवारी. लेक शेजारी बसून होती. वायर म्हणजे काय, सेलला दोन बाजू का असतात, आवाज त्या गोल काळ्या कागदातून कसा येतो, हे तिनं बघितलं. ‘बी फॉर बॉल’ ती टीव्हीवरूनही शिकली असती.

आता मुद्द्यावर येते.

माझा आरोप एकट्या कंपनीवर नाही, म्हणून तिचं नाव मी लिहिलेलं नाही. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल ती कंपनी वाईट, दुसरीचं घेऊ. दुसरीचंही असंच असतं. माझा आरोप आपल्या सगळ्या व्यवस्थेवर आहे, आणि त्यात मी-तुम्हीही आलो.

सरकारपासून सुरू करू. खेळण्यांकडं सरकारचं लक्ष नाही असं कुणी म्हणू शकत नाही. ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान खेळण्यांवर बोलले. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेवर, सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी वेगळं मानक आहे. सगळं चांगलं. लेकरू खेळताना सुरक्षित राहावं याचा विचार झाला, खेळणं भारतात बनावं याचाही झाला. पण ते खेळणं बंद पडल्यावर काय, याचा विचार कुणी केला?

दुरुस्तीचा हक्क म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टलही सुरू केलं. आधी चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरातली टिकाऊ उपकरणं आणि वाहनं. शेतीची अवजारं घेतली याचा मराठवाड्यातल्या माणसाला आनंदच आहे. ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहिला की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण यादीत खेळणी नाहीत. पुढं मे २०२५ मध्ये आणखी एका समितीनं दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल दिला. म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी, याचे गुण त्या वस्तूवरच छापायचे. फ्रान्समध्ये हे २०२१ पासून चालू आहे, दुकानात लॅपटॉपशेजारी दहापैकी किती गुण ते लिहिलेलं असतं. आपल्या अहवालाचा भर मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर. इथंही खेळणं बाहेर.

आणि गंमत बघा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांच्या यादीत मात्र खेळणी आहेत! म्हणजे सरकारच्या लेखी माझ्या लेकीचं पुस्तक दुरुस्त करण्याजोगी वस्तू नाही, पण कचरा नक्की आहे. जगताना कुणी विचारलं नाही, मेल्यावर नोंद पक्की.

आपल्या शहराला तर कचऱ्याचं सांगायलाच नको. २०१८ चा फेब्रुवारी-मार्च विसरलात का? नारेगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसून शेवटी गाड्या अडवल्या. चौकाचौकांत ढीग लागले, वास घराघरांत गेला. मिटमिट्यात पोलिस आणि गावकरी समोरासमोर आले. तेव्हा आपण सगळे ओला-सुका शिकलो. पण वर्गीकरण हा दुसरा धडा आहे. पहिला धडा, कचरा होऊच न देणं, तो आपण वगळला. आपण फेकलेलं खेळणं कुठंतरी, कुणाच्यातरी दारात जातं. त्यातला सेल तिथल्या मातीत पाझरतो.

“असं कुणी मागत नाही,” असं फोनवरची बाई म्हणाली. खरं बोलली बिचारी. आपण मागत नाही म्हणून ते देत नाहीत.

आता आपल्या घराकडं येते. लेकरानं स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला की आपण काय म्हणतो? “ठेव ते खाली, बिघडशील!” हीच आपली पहिली शिकवण. अरविंद गुप्ता हे नाव पुष्कळांना माहीत असेल. आयआयटी कानपूरमध्ये शिकले, पुण्यात टेल्कोत नोकरी केली आणि नंतर सगळं आयुष्य टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करण्यात घातलं. पुण्याच्या आयुकात कितीतरी वर्षं मुलांसोबत होते. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. लेकरांनी खेळणं मोडून आत बघावं, हे हा माणूस वर्षानुवर्षं सांगत आला. आपण त्याचे व्हिडिओ लाईक केले, आणि स्वतःच्या लेकराच्या हातातून ड्रायव्हर काढून घेतला.

आपल्याच राज्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातली पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती असं हातानं काम करत विज्ञान शिकली. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना आणि सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांसोबत, असं लिहिलंय. चांगलं लिहिलंय. माझा प्रश्न एवढाच, की त्या दहा दिवसांत आपल्या शहरातलं एखादं लेकरू शहागंजच्या चाचांच्या दुकानात बसलंय का? बसलं असेल तर मला सांगा, मी पेढे घेऊन येते.

आणि अटल टिंकरिंग लॅब. २०१६ पासूनची योजना, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, देशात दहा हजारांच्या वर लॅब, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजारांची घोषणा. तिथं सोल्डरिंग आयर्न आहे, मल्टिमीटर आहे, थ्रीडी प्रिंटर आहे. पोरं रोबोट करतात, स्पर्धेत नेतात, फोटो येतो. कौतुकच आहे. पण बंद पडलेलं खेळणं घेऊन शेजारच्या गल्लीतलं लेकरू त्या लॅबच्या दारात उभं राहिलं, तर त्याला आत घेतील का? नवीन बनवणं म्हणजे हुशारी आणि जुनं दुरुस्त करणं म्हणजे गरिबी, ही जात आपण कुठून आणली?

एक आक्षेप खरा आहे, तो मान्य करते. नऊशेच्या खेळण्याला दुकानदारानं तासभर द्यावा आणि दोनशे घ्यावेत, हे ना गिऱ्हाइकाला परवडत, ना दुकानदाराला. पैठण गेटच्या त्या दुसऱ्या पोराचं चुकलं नव्हतं. त्याला दुकानाचं भाडं आहे. म्हणूनच मी म्हणते, हे काम बाजारावर सोडून होणार नाही. ते घरात, शाळेत, गल्लीत व्हायला हवं. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली रिपेअर कॅफे सुरू झाला. लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात, येणारा जाणकार शेजारी बसून दाखवतो, दुरुस्ती मात्र दोघांनी मिळून करायची. आज तो जगभर पसरलाय, बंगळुरूतही आहे. आपल्याकडं वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती आहेत. शासकीय आयटीआय आहे, विद्यापीठाच्या आवारात नायलिट आहे, इंजिनिअरिंग कॉलेजं तर मोजायलाच नकोत. सोल्डर करणारे हात या शहरात हजारांनी आहेत. नाही ती फक्त एक खोली, एक टेबल आणि महिन्यातला एक रविवार.

दुसरा आक्षेप, “विजेचं काम, लेकरांना धोका.” बरोबर. म्हणून नवशिकी म्हणून शिकलेले नियम सांगते. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या वस्तूला माझ्यासारखीनं हात लावायचा नाही. चार्जिंगची बॅटरी फुगलेली दिसली तर उघडायची नाही. साध्या सेलवरच्या खेळण्यापासून सुरुवात करायची, आधी सेल काढायचे, आयर्न मोठ्यांच्या हातात, खिडकी उघडी. खार काढताना हातमोजे, डोळ्याला हात नाही. आणि शेवटी सगळे स्क्रू मोजून परत लावायचे. एवढं पाळलं तर धोका पोळी भाजण्यापेक्षा जास्त नाही.

तेव्हा माझ्या मागण्या लिहून ठेवते. हसायचं तर हसा.

एक, सरकारनं दुरुस्ती-निर्देशांकात इलेक्ट्रॉनिक खेळणी घ्यावीत. निदान ज्यांच्यावर ‘शैक्षणिक’ लिहिलंय ती तरी.

दोन, आयएसआय चिन्ह देताना सुरक्षेसोबत एवढंही बघावं, की पाठीला साधे स्क्रू आहेत, स्टिकरखाली काही लपवलेलं नाही आणि वायरिंगची आकृती खोक्यात आहे. कागदाचा एक तुकडा, याला खर्च किती येतो?

तीन, बटणांचं रबर, स्पीकर, सेलची स्प्रिंग, हे सुटे भाग विकत मिळावेत. माझ्या गायीसाठी मला आजही ते हवंय.

चार, आपल्या शहरातल्या ज्या शाळांत टिंकरिंग लॅब आहे, त्यांनी महिन्यातून एक शनिवार गल्लीसाठी दार उघडावं. महापालिकेनं एका वॉर्डातला एखादा हॉल एका रविवारी द्यावा. टेबल-खुर्च्या आम्ही आणू.

पाच, ही मागणी आपल्याकडंच आहे. पुढच्या वेळी खेळणं घेताना दुकानदाराला विचारा, “हे उघडतं का? याचे भाग मिळतात का?” तो हसेल. दहाव्या गिऱ्हाइकानं विचारलं की हसणार नाही. विसाव्यानं विचारलं की तो डीलरला विचारेल. मागितल्याशिवाय आई पण दूध देत नाही म्हणतात, ही तर कंपनी आहे.

आता शेवटचं. परवा पाहुणे आले होते. लेकीनं त्यांना पुस्तक दाखवलं. कुत्रा भुंकला, मांजर ओरडलं. गायीचं बटण दाबलं, आवाज नाही. पाहुणे म्हणाले, “अगं, हे बिघडलंय!” लेक म्हणाली, “बिघडलं नाही, त्याचं रबर मिळालं नाही.” साडेचार वर्षांच्या पोरीला कळलेला फरक आपल्या कायद्याला कधी कळणार?

हडको, टी. व्ही. सेंटर, सिडको भागातलं कुणी येणार असेल तर खाली लिहा. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबल टाकतेय. तो आयटीआयवाला पोरगा येणार आहे. चाचांनाही विचारलंय, म्हणाले, “चाय पिलाएगी तो आऊंगा.” बंद पडलेलं खेळणं आणा, लेकराला सोबत आणा. तिकोनी बिट माझ्याकडं आहे.